आठ मिनिटांचा काठ

सोमवार, ४ ऑक्टोबर

ही वही सूनबाईनं दिली. म्हणाली, "बाबा, टेंडर भरताय तर रोजचं रोज लिहीत जा. उद्या कुणी काही विचारलं तर तारखेनिशी सांगता येईल." मला लिहायची सवय नाही, ऐकायची आहे. पंधराव्या वर्षी गॅरेजात नटबोल्ट धुवायला लागलो, तेव्हापासून इंजिन उघडायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, हा आपला शिरस्ता. लोक तोंडावर मला मिस्तरी म्हणतात आणि पाठीमागं कानसेन. पाठीमागचंही ऐकू येतं, म्हणून तर कानसेन.

आज माझ्याकडे चार रुग्णवाहिका आहेत. एक मुलगा चालवतो, तीन पगारी ड्रायव्हर. फोनवर सकाळी मी, दुपारनंतर सूनबाई. नगरपालिका आजवर स्वतःच्या दोन खटाऱ्यांवर भागवत होती. आता सगळं शहर पाच वर्षांसाठी एकाच ठेकेदाराला द्यायचं ठरलंय. मिळालं तर माझी माणसं निर्धास्त. नाही मिळालं तर बाहेरची मोठी कंपनी येणार आणि आम्ही तिच्या गाड्यांचे पंक्चर काढणार.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

नगरपालिकेत टेंडरची बैठक झाली. हिरवं कापड घातलेलं लांब टेबल, वर कुरकुरणारा पंखा, खाली आम्ही पाच ठेकेदार. मोठ्या कंपनीचा माणूस टाय लावून आला होता. त्याला मी टायवाला म्हणणार.

शहरात कुठंही बारा मिनिटांत पोहोचायचं, हे पुस्तिकेत छापलेलंच आहे. तळ्यापलीकडच्या वस्तीची जागा मात्र कोरी होती. तिथं दगडखाणी आहेत, दोनेकशे घरं आहेत, आणि रस्ता तळ्याला वळसा घालत पाऊण तास फिरवतो. त्या वस्तीची वेळ बैठकीत सांगू, असं पत्रात होतं. आरोग्य अधिकारी भला माणूस, पण बोलतो कागदात तोंड खुपसून. त्यानं वाचलं, "पलीकडच्या काठाला आठ मिनिटं."

मी चोरून सगळ्यांकडं पाहिलं. कुणी हललं नाही. मला इकडं घाम फुटला आणि टायवाल्याच्या टायची गाठसुद्धा ढिली झाली नाही. शांतपणे लिहून घेतलं त्यानं. म्हणजे ह्यांच्याकडं काहीतरी तोड आहे.

विचारावंसं फार वाटलं. पण चार लोकांत अनाड्यासारखं विचारायचं नाही, हा मी धंद्यात पहिल्या वर्षी शिकलेला धडा. घरी येऊन आपल्या डोक्याला विचारायचं.

शनिवार, ९ ऑक्टोबर

आठ मिनिटं. जेवताना आठ, झोपताना आठ.

सकाळी अंगणात बसलो होतो. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "ऊन आली की जेवायला बसू." मी म्हटलं, "ऊन आली नाही म्हणत, आलं म्हणतात. आणि ते तर केव्हाचं आलंय." ही हात पुसत बाहेर आली, समोर उभी राहिली, जरा वेळ माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "सूनबाई आली की जेवायला बसू." मी म्हटलं, मग तोंड उघडून बोलावं की माणसानं. हल्ली घरात सगळेच पुटपुटतात.

यंदा पाखरंही मुकी झालीयत. समोरच्या झाडावर चिमण्या बसतात, चोची उघडतात, मिटतात. आवाज नाही. काचेपलीकडं काहीतरी चाललंय असं वाटतं. बघत बसलो की डोळा लागतो. हवा बदलली असेल.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

तळ्यावर गेलो. दाट धुकं होतं, पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळेना. नावाडी होडी उलटी करून तळाला डांबर फासत होता. हा माझ्याच वयाचा, एक डोळा अधू.

"पलीकडं जायला किती लागतं?" मी विचारलं.

"कुणाला? मला की पुढाऱ्याला?"

"पुढाऱ्याला किती?"

"ते जातच नाहीत. मला वल्ह्यानं पंचवीस मिनिटं. वारा सासरचा असला तर पस्तीस."

काठावर बसून राहिलो. तेवढ्यात धुक्यातून पलीकडचा एक खांब दिसला, नुसताच, खाली जमीन नाही, वर काही नाही. हात लांबवला तर धरता येईल इतका जवळ. तेव्हा लक्षात आलं. वळसा रस्त्याला आहे. पाण्याला वळसा नाही.

सोमवार, १८ ऑक्टोबर

भंगारात पडलेल्या गाडीचं इंजिन काढलं, धुतलं, नावाड्याच्या मोठ्या होडीत बसवलं. नावाडी म्हणाला, "मिस्तरी, माझ्या म्हातारीला तुम्ही घोड्याचं काळीज लावताय." पहिली फेरी अकरा मिनिटं. पाण्यातला पंखा बदलला, नऊ. इंजिन मस्त घुमतंय, पोटातून. ते मला अजून बोटभर अंतरावर असल्यासारखं ऐकू येतं, म्हणजे माझे कान ठीकच आहेत. पुटपुटणारे पुटपुटतात, त्याला मी काय करू?

सूनबाई हल्ली सकाळीही ऑफिसात येऊन बसते. दुपारची पाळी असताना. म्हणते, कागद लावायचेत. कागद लावते आणि फोन वाजला की दुसरा रिसीव्हर उचलून कानाला लावते. मला खुर्चीवरचा डोळा ओळखता येतो. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते असं.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

सात मिनिटं पन्नास सेकंद.

सकाळचं धुकं होतं. होडीत मी, नावाडी आणि रिकामं स्ट्रेचर. मध्यावर आल्यावर मागचा काठ पुसला गेला आणि पुढचा अजून उगवला नव्हता. तीनेक मिनिटं आम्ही कुठंच नव्हतो. पांढरं, गार, आणि इंजिनाचा एकसुरी घुमारा. मला वाटलं, ह्या गॅरेजवाल्याच्या आयुष्यात एवढी रिकामी जागा आजवर कुठं होती? मी स्ट्रेचरवर आडवा झालो. मग धुक्यातून बाया कपडे धुताना दिसल्या, आधी हात, मग बाया, मग दगड.

त्या उठून उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "कोण आजारी आहे तुमचं?" मी म्हटलं, "आमचं कुणी नाही. तुमच्यातलं कुणी आजारी पडलं तर आठ मिनिटांत येता येतंय का बघतोय." त्या हसल्या नाहीत. एकमेकींकडं बघत राहिल्या.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

टेंडर भरलं. पलीकडचा काठ, वेळ: ८, अक्षरी आठ. वाहन: इंजिनाची होडी. मोठे कारकून, म्हणजे नगरपालिकेतला तो जाड चष्म्याचा माणूस, म्हणाले, "होडी वाहनात बसते का?" मी म्हटलं, "आपण तिच्यात बसतो. जे माणसाला वाहून नेतं ते वाहन." त्यांनी शिक्का मारला. "उद्या तुम्ही पाठुंगळीला घेऊन आलात तरी चालेल, नियमात काही लिहिलेलं नाही."

सकाळी एक भानगड झाली. फोन आला, मी नंबर घेतला, बावीस. गाडी बावीस नंबरच्या घरी गेली, तिथं सगळे ठणठणीत. आजारी म्हातारी सव्वीसमध्ये. सूनबाईनं मध्येच वायरलेस घेऊन गाडी पुढं पिटाळली, तिला कसं कळलं कोण जाणे. म्हातारी बरी आहे. लोकांना अजून आपला घरनंबर नीट सांगता येत नाही.

बुधवार, ३ नोव्हेंबर

लिफाफे फोडले. काय लिहू?

बाकी सगळ्यांत माझे गुण वर. मग साहेब, म्हणजे आरोग्य अधिकारी, पलीकडच्या काठाच्या रकान्यापाशी आले, थांबले, कागद मोठ्या कारकुनांकडं दिला. दोघांनी डोकी एकत्र केली. टायवाला वाकून बघत होता, तो हसला. म्हणाला, "काका, आठच्या जागी आठ?"

मी म्हटलं, "मग आठच्या जागी काय नऊ लिहू?"

सगळी खोली हसली. मी पण हसलो, विनोद चांगलाच होता. पण ते थांबेनात. शेवटी मोठ्या कारकुनांनी बैठकीचं टिपण माझ्यासमोर धरलं आणि बोट ठेवलं. पलीकडचा काठ, ६० मिनिटे.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, हे नंतर लिहिलंय. इथं कुणीतरी ध चा मा केलाय. बैठकीत साहेबांनी आठ सांगितलं, मी ह्या कानांनी ऐकलं. ह्या कानांवर मी चार गाड्या उभ्या केल्यात. बैठकीचं रेकॉर्डिंग असेल तर लावा.

साहेब म्हणाले, उद्या लावू.

गुरुवार, ४ नोव्हेंबर

लावलं. साहेब, मोठे कारकून, टायवाला, मी, आणि माझ्याबरोबर सूनबाई. टेबलावर लहानसं यंत्र. सगळे माना खाली घालून बसलो.

पंख्याची कुरकुर, खुर्च्या, खोकला. मग साहेबांचा आवाज: पलीकडच्या काठाला आठ मिनिटं.

मी टेबलावर थाप मारली. "ऐका. आठ."

म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा लावलं. आठ. तिसऱ्यांदा लावलं. लख्ख आठ. मी सगळ्यांकडं जिंकल्यासारखं पाहिलं. मोठे कारकून चष्मा काढून पुसत होते, विनोदाला कधी न चुकणारा माणूस, आज गप्प. सूनबाई खिडकीबाहेर बघत होती. टायवाल्यानं पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. शत्रूनं पाणी पुढं केलं की समजावं, काहीतरी शिजतंय.

मग साहेबांनी मला एकट्याला आत नेलं. "मिस्तरी, ठेका तुमचाच आहे. बाकी सगळ्यांनी साठाच्या आसपास लिहिलंय. तुम्ही एक दुरुस्तीचं पत्र द्या, आठाचे साठ करा, कुणाची हरकत नाही. पंधरा तारखेला करारावर सह्या. पण आठ ठेवलंत तर नियम आठाला लागतील. तीनदा उशीर झाला की नुसता पलीकडचा काठ नाही, सगळा ठेका जाईल. शहरासकट."

त्यांनी कागदावर ६० लिहून दाखवलं, म्हणून कळलं. मी म्हटलं, विचार करतो.

घरी येताना गाडीत एकच विचार. सगळे एका बाजूला आणि मी एका बाजूला, असं का व्हावं? यंत्र तर कुणाच्या बाजूचं नसतं.

शनिवार, ६ नोव्हेंबर

आज हिनं मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं.

"आता मी बोलते, तुम्ही तेच म्हणा," ही म्हणाली. पोरखेळ, पण उभा राहिलो. मी ऐकलं तसं म्हणत गेलो. ऊन. आबण. आखर. आप.

"वळा." तिच्या हातात कागद होता, आधीच लिहून ठेवलेला. सून. साबण. साखर. साप.

"उद्या घरात साप निघाला," ही म्हणाली, "मी ओरडेन, आणि तुम्ही पाहुणा समजून त्याला खुर्ची द्याल."

मी हसलो नाही. ती पण नाही. मग तिनं एकेक सांगितलं. वर्षभर ती माझ्या समोर येऊन बोलते. जेवताना माझ्या उजव्या हाताला बसायची ती आता पुढ्यात बसते. आणि सूनबाई सकाळी कागद लावायला येत नव्हती. दुसरा रिसीव्हर कानाला लावून ती माझे नंबर दुरुस्त करत होती. मार्चपासून. एकदाही मला न कळू देता.

"आणि चिमण्या?" मी विचारलं.

"ओरडतायत की. कान किटतात."

मी बराच वेळ भिंतीजवळच उभा होतो. माणूस म्हातारा होतो ते आरशात दिसतं, त्याची तयारी असते. आपल्या अवतीभवतीचं जग हळूहळू एकेक अक्षर गाळत चाललंय आणि आपण त्याला व्याकरण शिकवतोय, ह्याची नसते.

सोमवार, ८ नोव्हेंबर

कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी डोक्याला यंत्र लावून काचेच्या खोलीत बसवलं. ऐकू आलं की बटण दाबायचं. मी दाबत होतो, मग दाबायचं थांबलो, आणि बाहेर ते अजून खुंट्या फिरवतच होते. म्हणजे काहीतरी वाजत होतं. शांततेतही गर्दी असते, हे काल कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं.

डॉक्टर म्हणाले, जाड आवाज तुम्हाला उत्तम येतात, इंजिन वगैरे. बारीक गेलेत. स, श, शिट्टी, पाखरं. मी विचारलं, मग इतके दिवस कळलं कसं नाही? ते म्हणाले, "शब्द माणूस अर्धा कानानं आणि अर्धा अंदाजानं ऐकतो. तुमचा अंदाज फार चांगला आहे, म्हणून निभावलं. आकड्याला अंदाज नसतो." कानात घालायचं यंत्र यायला दीड महिना आहे, आणि ते घातलं तरी फोनचा भरवसा नाही.

ऑफिसात आलो. सूनबाई फोनवर होती. तिचं झाल्यावर मी म्हटलं, "मार्चपासून?"

ती घाबरली. "बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाटत होतं तुझा खुर्चीवर डोळा आहे."

"तो पण आहे," ती म्हणाली.

आवडलं मला. मी उठलो आणि खुर्ची तिच्याकडं ढकलली. मग बाहेर जाऊन उगाच एका चांगल्या गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिलो.

बुधवार, १० नोव्हेंबर

दुरुस्तीचं पत्र लिहून काढलं. आठाऐवजी साठ वाचावे. खिशात ठेवलं. खरं सांगायचं तर हलकं वाटलं. चूक झाली, दुरुस्त केली, संपलं. कोणी नावं ठेवणार नाही. होडी नावाड्याला देऊन टाकू, मासे धरेल.

दुपारी पलीकडच्या वस्तीतली सुईण आली. वयानं माझ्याहून थोरली, रस्त्यानं वळसा घेऊन दोन गाड्या बदलून आलेली. बसली, पाणी प्याली. म्हणाली, "तुम्हीच का ते आठ मिनिटंवाले?"

मी म्हटलं, "त्यात जरा चूक झालीय, मावशी. साठ आहे ते."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी हल्ली लोकांच्या तोंडाकडं बघतो, तशी.

"साठ तर आम्हाला आधीपासूनच आहे," ती म्हणाली. "साठ द्यायला ठेकेदार कशाला लागतो? तेवढ्या वेळात आमच्याकडं माणूस एक तर आपला आपण बरा होतो, नाहीतर गार. चाळीस वर्षं मी त्या साठ मिनिटांत बसून राहिलेय. हात धरून. गोष्टी सांगून." मग जरा थांबून, "पोरांनी काठावरचे दगड चुन्यानं रंगवलेत. धुक्यात होडीला दिसावेत म्हणून. तुम्ही पाठवलं होतंत का कुणाला सांगायला?"

"नाही."

"मग आपल्या मनानंच रंगवलेत."

ती गेल्यावर पत्र खिशातच राहिलं, पण हलकं वाटणं गेलं.

रविवार, १४ नोव्हेंबर

सगळ्यांना गॅरेजात बोलावलं. मुलगा, तिघे ड्रायव्हर, सूनबाई, नावाडी, आणि होडीवर यायला तयार झालेली सिस्टर. मी सगळं सांगितलं, कानासकट. ड्रायव्हर लोकांना कान माहीतच होता. सगळ्यांत जुना ड्रायव्हर म्हणाला, "मिस्तरी, आम्ही मागं तुमचं नाव बदललंय केव्हाच." नवं नाव काही सांगितलं नाही त्यानं.

मुलगा चिडला होता. "बाबा, तिसऱ्या चुकीला आपण सगळे घरी. वारा असतो, धुकं असतं, इंजिन बंद पडतं. आठ तुम्ही ठरवून लिहिलेलं नाही. ते चुकून आलंय."

"खरंय," मी म्हटलं. ह्यात खोटं काही नव्हतंच.

नावाडी म्हणाला, वारा उलटा असेल तर साडेआठ लागतील. तेव्हा जुना ड्रायव्हर म्हणाला, दुसरी होडी पलीकडंच बांधून ठेवली तर उलटा वारा सुलट होतो. नावाडी त्याच्याकडं बघत म्हणाला, "हा माणूस आजवर रस्त्यावर वाया गेला." मग सिस्टर म्हणाली, आणि मी वस्तीतल्या चार बायांना प्रथमोपचार शिकवीन. आणि सूनबाई म्हणाली, फोन आला की होडी सुटायला दीड मिनिट जातं, ते अर्ध्यावर आणता येईल. मुलगा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दुसऱ्या होडीचं इंजिन कुठून आणणार?" त्याला कळलं नाही की त्यानं हो म्हटलंय.

सोमवार, १५ नोव्हेंबर

सह्या. तीच खोली, तेच हिरवं कापड. साहेबांनी आज कागद तोंडापासून दूर धरला होता आणि ते ओरडून बोलत होते.

मी म्हटलं, "ओरडू नका, साहेब. आवाज पुरतो. तोंड दिसलं की झालं."

ते ओशाळले. दुरुस्तीच्या पत्रासाठी हात पुढं केला. मी म्हटलं, "आणलंय. पण देत नाही. मला साठ ऐकू येत नाही, साहेब. जे ऐकू आलं त्याची होडी बांधून झालीय. सही आठावर करतो."

"मिस्तरी, तीन उशीर म्हणजे सगळं जाईल. नीट समजलंय ना?"

"हे मात्र तिन्ही वेळा ऐकू आलंय."

मग मी माझं एक कलम सांगितलं. आणीबाणीच्या फोनवर ठेकेदार स्वतः बसणार नाही. साहेब म्हणाले, हे नगरपालिकेनं मागितलेलं नाही. मी म्हटलं, मी मागतोय, घाला. ते वाक्य स्वतःच्या हातानं लिहिलं. साधंच वाक्य, पण पेन दोनदा थांबलं. त्या फोनवर मी एकोणीस वर्षं बसलो. लोकांच्या नुसत्या श्वासावरून सांगायचो, किती घाई आहे ते.

मोठ्या कारकुनांनी करार हातात घेतला, चष्मा वर केला आणि माझ्याकडं नीट तोंड करून म्हणाले, "ध चा मा झाला तेव्हा माणूस गेला म्हणतात. इथं सा चा आ झालाय. बघू, कोण जगतं."

गुरुवार, २ डिसेंबर

काल सेवा सुरू झाली आणि आज सकाळी दहाला पलीकडून पहिला फोन आला. सूनबाईनं घेतला. मी धक्क्यावर होडीत, इंजिनापाशी. माझी नेमणूक आता तिथं. मला तिचं ऐकायची गरज पडली नाही. फोन आता धक्क्यासमोरच्या खोलीत बसवलाय; तिनं लाल झेंडा खिडकीबाहेर काढला, ही तिचीच युक्ती.

चाळीस सेकंदांत सुटलो. नावाडी सुकाणूवर, सिस्टर पिशवी मांडीवर घेऊन. धुकं होतं. मध्यावरची ती कुठंच नसलेली जागा आली, आणि आज मला ती संपावीशी वाटली. इंजिन एकदा अडखळलं. तळहाताला कळलं, इंधनात हवा. मी नळी दाबून धरली, पुन्हा लयीत आलं. सिस्टरचा चेहरा पांढरा पडला होता, तिनं घड्याळ माझ्यापुढं धरलं. मी पाहिलं नाही. पाहून होडी पळत नाही.

मग चुन्याचे दगड दिसले. सात मिनिटं चाळीस सेकंद.

काठावर कुणीच नव्हतं. मी आणि नावाड्यानं स्ट्रेचर उचललं आणि सिस्टरमागं चढ चढलो. वाटेत एक बाई स्वयंपाकघराच्या दारात गाठोडं बांधत होती, ती आमच्याकडं बघून तशीच थिजली. सुईण पुढं आली आणि घर दाखवलं. आत खाणीतला एक म्हातारा दगडफोड्या गादीवर बसलेला, छाती धरून, घामानं भिजलेला. अंगात धुतलेला सदरा होता, अर्धीच बटणं लागलेली. त्याच्यासमोर दोन मुलगे आणि एक मुलगी ओळीनं बसली होती. आमच्याकडं त्या सगळ्यांनी असं पाहिलं की जणू आम्ही बोलावल्याशिवाय आलोत.

सिस्टर काम करत होती. गोळी जिभेखाली, यंत्र छातीला. म्हातारा मात्र तिला हातानं थांबवत काहीतरी सांगत होता, फार हळू. मला त्याचे ओठ दिसत नव्हते, मिशा आड आल्या होत्या.

मी म्हटलं, "सिस्टर, इकडं तोंड करून सांगा. काय म्हणतायत?"

ती वळली. "म्हणतायत, तासभर आहे असं वाटलं होतं. म्हणून पोरांचा निरोप घ्यायला बसलो. दोघांचाच झालाय. धाकटी राहिलीय, तेवढं थांबता का?"

धाकटी समोर बसली होती, विशीतली, हात पुढं करून.

"सांगा त्यांना," मी म्हटलं, "थांबायला वेळ नाही. धाकटीला होडीत घ्या. आणि त्या दोघांचा घेतलेला निरोपही परत करायला सांगा."

आम्ही उचललं. वाटेत बायका घराघरातून बाहेर येत होत्या, अजून कुणाच्या पायात वहाण नाही, कुणाचे केस अर्धेच विंचरलेले. इतकं लवकर कुणी इथं कधी आलेलंच नव्हतं.